फोन ४७ अंशांवर तापला, म्हणजे नेमकं काय झालं? उष्णता आणि तापमान यांतला फरक



गेल्या मे महिन्यात माझ्या मावसभावाचा नागपूरहून फोन आला, तोही मावशीच्या मोबाइलवरून. त्याचा स्वतःचा मोबाइल बंद पडला होता. भर दुपारी बाईकच्या हँडलवर मोबाइल लावलेला, त्यावर मॅप चालू आणि पॉवर बँकेवर चार्जिंगही चालू. बाहेर ४३ अंश. बॅटरीचं तापमान दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये ४७ दिसत होतं. "चारच अंश जास्त आहे, काही होत नाही" म्हणून पठ्ठ्या पुढे निघाला. थोड्या वेळात स्क्रीनवर तापमानाची सूचना आली आणि मोबाइल बंद झाला.

घरी आल्यावर त्याने तो थेट फ्रीजरमध्ये ठेवला. अर्ध्या तासाने काढून चार्जिंगला लावला, पण मोबाइल पुन्हा सुरू झालाच नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. आजोबांचे शेवटच्या वर्षातले फोटो त्यातच होते आणि बॅकअप घेतलेला नव्हता.

भावाने आकडा बरोबर वाचला होता. चुकला तो त्याचा अर्थ लावताना. तोच आज समजून घेऊ.

उष्णता वेगळी, तापमान वेगळं

कोणत्याही वस्तूतले कण सतत हलत असतात. ते सरासरी किती जोरात हलतात, ते तापमान सांगतं. उष्णता म्हणजे गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाणारी ऊर्जा. तापमान अंशांत मोजतात, उष्णता ज्यूलमध्ये.

घरातलंच उदाहरण घ्या. नळाचं पाणी २५ अंशांवर आहे. त्यातलं कपभर, म्हणजे १५० मिली पाणी ८० अंशांपर्यंत तापवायला साधारण ३५ हजार ज्यूल लागतात. आंघोळीची १५ लिटरची बादली फक्त ४५ अंशांपर्यंत न्यायला मात्र साधारण १२ लाख ६० हजार ज्यूल लागतात. कपाचं तापमान जास्त, पण बादलीला उष्णता ३६ पट जास्त लागली.

आता मोबाइल बघा. ५००० एमएएचच्या पूर्ण चार्ज बॅटरीत साधारण ६९ हजार ज्यूल ऊर्जा असते. ती सगळी त्या बादलीत ओतली, तरी पाणी जेमतेम एक अंशाने तापेल. मग मोबाइल इतका का तापतो? कारण त्याचं वजन २०० ग्रॅमच्या आसपास असतं. थोडीशी उष्णता आत अडकली, तरी तापमान भराभर चढतं.

चार अंशांचा खरा अर्थ

प्रोसेसर, स्क्रीन आणि चार्जिंग यांमुळे मोबाइलमध्ये उष्णता तयार होत राहते. ती बाहेर किती वेगाने जाईल, हे मोबाइल आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं. फरक जितका मोठा, तितका वेग जास्त.

२५ अंशांच्या खोलीत ४७ अंशांचा मोबाइल असेल, तर फरक २२ अंशांचा. भावाच्या बाईकवर फरक फक्त ४ अंशांचा होता. वारा वगैरे बाकी सगळं सारखं धरलं, तर उष्णता बाहेर जाण्याचा वेग साडेपाच पट कमी. फरक कमी आहे म्हणून तो निर्धास्त झाला, पण धोका नेमका तिथेच होता.

आणखी एक गोष्ट. बातम्यांतलं ४३ अंश हे सावलीतल्या हवेचं तापमान असतं. हँडलवरचा मोबाइल थेट उन्हात होता, म्हणजे वरून सूर्याची उष्णता आणि आतून चार्जिंगची.

तापमानाच्या तीन पट्ट्या

आपल्याकडे गंमत बघा. ऊन किती हे आपण सेल्सिअसमध्ये बोलतो आणि अंगातला ताप फॅरनहाइटमध्ये. "१०२ ताप आहे" म्हणजे ३८.९ अंश सेल्सिअस.

फॅरनहाइटची पट्टी १७२४ मधली. त्यात पाणी ३२ ला गोठतं आणि २१२ ला उकळतं. सेल्सिअसने १७४२ मध्ये पाण्याचे हेच दोन बिंदू घेऊन १०० भाग केले, पण त्याने उकळबिंदूला ० आणि गोठणबिंदूला १०० म्हटलं होतं! ती पट्टी नंतर उलटी केली गेली. १८४८ मध्ये केल्विनने सगळ्यात कमी शक्य तापमानापासून मोजणारी पट्टी सुचवली. तिचा शून्य म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअस. म्हणूनच ४० अंश हे २० अंशांच्या दुप्पट गरम नसतं. केल्विनमध्ये ते ३१३ आणि २९३ आहेत.

कोड लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. अँड्रॉइड बॅटरीचं तापमान अंशाच्या दहाव्या भागात देतं, म्हणजे ४७२ आलं तर ते ४७.२ अंश सेल्सिअस. आणि तापमानातला फरक फॅरनहाइटमध्ये बदलताना ३२ मिळवायचे नाहीत, फक्त १.८ ने गुणायचं. ४ अंश सेल्सिअसचा फरक म्हणजे ७.२ अंश फॅरनहाइटचा फरक.

मोबाइल तापला तर काय करायचं?

• आधी उष्णता तयार होणं थांबवा. चार्जिंग काढा, गेम, मॅप, हॉटस्पॉट बंद करा.
• मग उष्णतेला वाट द्या. कव्हर काढा, सावलीत ठेवा, पंख्याचा वारा लागू द्या.
• उशीखाली किंवा गादीवर ठेवून चार्ज करू नका. कापूस उष्णता अडवून धरतो.
• फ्रीज, फ्रीजर, बर्फ अजिबात नको. गार मोबाइल बाहेर काढला की हवेतली वाफ त्यावर आणि आतही पाणी होऊन बसते. भावाच्या घरात तर कूलर चालू होता, म्हणजे हवेत ओलावा भरपूर.
• बॅटरी फुगलेली वाटली, तर चार्जिंगला लावूच नका.

तापल्यावर मोबाइल हळू चालतो, स्क्रीन मंद होते, चार्जिंगचा वेग कमी होतो. तो बिघाड नसतो. मोबाइल स्वतःच उष्णता कमी करायचा प्रयत्न करत असतो. अशा वेळी आकडा किती आहे यासोबत दोन प्रश्न विचारा: उष्णता येतेय कुठून आणि जाणार कुठे?

आजोबांचे काही फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सापडले, बाकीचे गेले. त्यामुळे हे वाचून झाल्यावर पहिलं काम म्हणजे बॅकअप चालू आहे का, ते बघा.