शिकारीचा सायलेन्सर: कर गेला, नोंदणी राहिली

सायलेन्सर लावला की बंदुकीचा आवाज नाहीसा होतो, हा चित्रपटांनी रूढ केलेला समज. प्रत्यक्षात आवाज साधारण २० ते ३० डेसिबलनेच घटतो. शिकाऱ्याच्या कानांना तेवढाही दिलासा मोलाचा असतो. चोरटी शिकार मात्र त्यामुळे सहज लपेल, असा विरोधकांचा आक्षेप आहे.

अमेरिकेत १९३४ च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्याने सायलेन्सरवर २०० डॉलर कर लादला व नोंदणी सक्तीची केली. १ जानेवारी २०२६ पासून हा कर शून्यावर आला. नोंदणी कायम राहिली. शिवाय राज्यांचे कायदे वेगळेच. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसह आठ राज्यांत सामान्य नागरिकास तो बाळगण्यासच मनाई आहे. कनेक्टिकटमध्ये बाळगता येतो, शिकारीत वापरता येत नाही. साहजिकच एका राज्यातील कायदेशीर शिकारी सीमा ओलांडताच गुन्हेगार ठरू शकतो.