रक्ताची पिशवी उडत येईल. पण उतरेल कुठे?

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आदिवासी समाजाइतकेच आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या संख्येने आहेत. अशा रुग्णाचे रक्त एकाएकी कमी झाले, किंवा खेड्यातल्या बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना झाला, की डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात आणि नातेवाईक धावत सुटतात. रक्तपेढी असते जिल्ह्याच्या ठिकाणी, रुग्ण असतो तालुक्याला. मधला रस्ता खड्ड्यांचा, घाटाचा, नाहीतर पुराच्या पाण्याखालचा. गडचिरोलीत पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण पावसाळ्यात वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. आपल्यापैकी पुष्कळांची घरे आज शहरातल्या वस्तीत असली, तरी आईवडील, भावकी अशाच गावांत राहते.

हा मधला रस्ता टाळून रक्त, लस, औषध हवेतून पोचवता येईल का? लग्नात फोटो काढणारा छोटा ड्रोन सर्वांनी पाहिला आहे. आता सामान वाहणारे, दूरवर स्वतःहून जाणारे मोठे ड्रोन तयार होत आहेत. त्यांचा आपल्या आरोग्याशी काय संबंध, हे या अंकात पाहू.

हे यंत्र चालते कसे?

लग्नातला ड्रोन चार पंख्यांवर तरंगतो. हवेत नुसते टिकून राहण्यासाठीच त्याची बॅटरी झपाट्याने संपते, म्हणून तो थोड्याच वेळात खाली उतरवावा लागतो. विमानाला पंख असल्यामुळे कमी ताकदीत लांब जाता येते. मात्र त्याला धावपट्टी लागते. नव्या मालवाहू ड्रोनमध्ये या दोन्हींचा मेळ घातलेला असतो. घार बघा. वर चढताना पंख मारते आणि उंची गाठली की पंख पसरून तरंगते. हा ड्रोनही पंख्यांच्या जोरावर सरळ वर उठतो, नंतर विमानासारखा पुढे जातो आणि पोचल्यावर सरळ खाली उतरतो. दवाखान्यामागची मोकळी, सपाट जागा त्याला पुरते.

राहिला प्रश्न लांब पल्ल्याचा. एक किलो लिथियम बॅटरीत साधारण २५० वॅट-तास वीज मावते. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० वॅट-तासांइतकी ऊर्जा असते. इंजिनात त्यातली बरीचशी उष्णता होऊन वाया जाते, तरीही हाती उरते ती बॅटरीच्या कितीतरी पट. म्हणून काही ड्रोनमध्ये लहान इंजिन आणि जनरेटर बसवतात. जयंतीच्या मांडवात लाईट गेली की जनरेटर चालू करतो, तसाच हा जनरेटर ड्रोनला उडता उडता वीज देतो. वर चढताना जास्त जोर लागतो तेव्हा बॅटरी मदतीला येते. यालाच हायब्रीड म्हणतात. अमेरिकेतील एलरॉय एअर कंपनीने असा ‘चॅपरल’ नावाचा मोठा ड्रोन नोव्हेंबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात उडवून पाहिला. सुमारे १३५ किलो माल सुमारे ४८० किलोमीटरवर नेणे हे त्या कंपनीचे उद्दिष्ट आहे. आपल्याकडे आजवर झालेले आरोग्याचे प्रयोग मात्र लहान ड्रोनचे, काही किलो वजनाचे आणि काही किलोमीटरचे आहेत.

आजवर काय घडले?

या कामात रवांडा हा आफ्रिकेतला छोटा, डोंगराळ देश सर्वांच्या पुढे गेला. तिथे ऑक्टोबर २०१६ पासून ड्रोनने रक्त पोचवले जाते. मार्च २०१७ ते डिसेंबर २०१९ या काळातल्या १२,७३३ रक्त-मागण्यांचा अभ्यास ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२२ मध्ये छापून आला. ड्रोनने रक्त सरासरी ५० मिनिटांत पोचले. गाडीच्या अंदाजे वेळेपेक्षा हे ७९ मिनिटांनी लवकर होते. आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. मुदत संपून वाया जाणाऱ्या रक्तात वर्षभरात ६७ टक्के घट झाली. लागेल तेव्हा रक्त लगेच मिळणार असेल, तर प्रत्येक लहान दवाखान्याला ते साठवून ठेवावे लागत नाही. रक्त मोठ्या केंद्रात राहते आणि ज्याला गरज आहे त्याच्याकडे जाते.

रवांडातले सुरुवातीचे ड्रोन खाली उतरत नसत. छोट्या पॅराशूटने खोका टाकून परत फिरत. सरळ उतरणाऱ्या ड्रोनचा फायदा असा, की तो परत जाताना काही घेऊनही जाऊ शकतो. टीबीच्या संशयिताच्या थुंकीचा नमुना किंवा तपासणीचे रक्त त्याच फेरीत प्रयोगशाळेत पोचू शकते.

आपल्या देशातही चाचण्या झाल्या आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्हा रुग्णालयातून लोकताक सरोवरातल्या करांग बेटावर कोरोनाची लस पाठवली. रस्त्याने २६ किलोमीटरचे अंतर हवेतून १५ किलोमीटर झाले आणि पाव तासाच्या आत कापले गेले. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या गावी ३०० लसी ड्रोनने गेल्या. रस्त्याने चाळीसेक मिनिटे लागतात तिथे दहा मिनिटांच्या आत काम झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऋषिकेशच्या एम्सने टिहरीच्या डोंगरात टीबीची औषधे सुमारे अर्ध्या तासात पोचवली. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली परिसरात रक्ताच्या पिशव्या ड्रोनने नेऊन रक्ताचा दर्जा टिकतो का, हे तपासले गेले.

पोचले, पुढे काय?

इथेच खरा प्रश्न सुरू होतो. ड्रोन दाराशी उतरला म्हणजे रुग्ण वाचला, असे होत नाही.

रक्ताची पिशवी २ ते ६ अंश तापमानात ठेवावी लागते. त्यासाठी चालू फ्रीज हवा आणि लाईट गेली तरी तो थंड राहिला पाहिजे. रक्त चढवण्याआधी रुग्णाच्या रक्ताशी ते जुळते का, हे तपासणारा तंत्रज्ञ हवा. चढवताना अंगावर पित्त उठले, थंडी वाजली, दम लागला तर लगेच उपचार करणारे डॉक्टर आणि नर्स हव्यात. म्हणूनच मान्यता असलेल्या रक्त साठवण केंद्राला आणि तिथल्या माणसांना महत्त्व आहे. ते नसेल, तर कितीही वेगाने आलेली पिशवी उपयोगाची नाही.

सर्पदंशाचेही तसेच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी लस आपल्याकडे मिळते. पण ती दवाखान्यातच द्यावी लागते, कारण काहींना तिची तीव्र रिॲक्शन येते. ड्रोन लस आणील म्हणून रुग्णाला घरी ठेवून वाट पाहत बसणे जीवघेणे ठरेल.

अडचणी आणखीही आहेत. जोराचा पाऊस आणि वारा लहान ड्रोनला झेपत नाही, आणि रस्ता बंद होतो तोही नेमका तेव्हाच. नजरेच्या पलीकडे ड्रोन उडवायला सरकारची वेगळी परवानगी लागते. २०२१ च्या ड्रोन नियमांत आकाशाचे हिरवे, पिवळे, लाल असे भाग पाडलेले आहेत. विमानतळाजवळच्या शहरी वस्त्यांवर उड्डाणांना बंधने आहेत. शिवाय चाचणी एका दिवसाची असते. सेवा बाराही महिने चालवावी लागते.

म्हणून आमचे म्हणणे असे. ड्रोनचे स्वागत करू, पण तो कुठे उतरणार हे आपण विचारले पाहिजे. ज्या गावाचा आवाज पोचतो तिथे नवी सोय आधी जाते, हा आपला जुना अनुभव आहे. डॉक्टरची रिकामी जागा आणि बिघडलेला फ्रीज झाकण्यासाठी ड्रोनचे फोटो वापरले जाऊ नयेत.

आपण काय करायचे?

पहिली गोष्ट रक्तदानाची. ड्रोन रक्त वाहून नेतो, रक्त द्यावे लागते माणसालाच. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपण रक्तदान शिबिरे घेतो, ही अभिमानाची बाब आहे. परंतु रक्त ३५ ते ४२ दिवसच टिकते. १४ एप्रिलला दिलेले रक्त मे अखेरीला मुदतबाह्य झालेले असते, आणि उन्हाळ्यात सुट्ट्यांमुळे टंचाई पडते. मंडळांनी एकाच दिवशी सगळ्यांचे रक्त न घेता, रक्तपेढीला विचारून वर्षभर थोडे थोडे दाते पाठवावेत. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त असलेली निरोगी व्यक्ती रक्त देऊ शकते. पुरुषांनी तीन महिन्यांनी आणि स्त्रियांनी चार महिन्यांनी पुन्हा द्यावे.

दुसरी गोष्ट विचारणा करण्याची. गावी जाल तेव्हा ग्रामसभेत किंवा रुग्ण कल्याण समितीत हे प्रश्न मांडा:

• आमच्या जवळचे रक्त साठवण केंद्र कोणते? ते रात्री चालू असते का?
• प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आज किती आहे?
• लसीच्या फ्रीजला लाईट गेल्यावर पर्याय काय?
• पावसाळ्यात रस्ता तुटला तर रक्त आणि औषधे आणण्याची योजना काय? ड्रोनची चाचणी होणार असेल तर तो आमच्या केंद्रावर उतरेल का?

तिसरी गोष्ट घरातली. सिकलसेल, थॅलेसेमिया किंवा बाळंतपणाची जोखीम असलेल्या प्रत्येकाचा रक्तगट लिहून ठेवा. कोणत्या रक्तपेढीत रक्त शिल्लक आहे, हे सरकारच्या ई-रक्तकोषवर मोबाईलवरून पाहता येते. घरातल्या शिकलेल्या पोरांकडून ते पाहायला शिका. आणि प्रसंग आलाच, तर कशाचीही वाट न पाहता आधी १०८ ला फोन लावा. ड्रोन सामान आणतो. रुग्णाला उचलून दवाखान्यात नेणारी माणसे आपणच आहोत.