जागेपणी मेंदूचे ऑपरेशन : तीन प्रश्न जरूर विचारा



मेंदूत गाठ आहे आणि रुग्णाला जागे ठेवून ऑपरेशन करणार, असे डॉक्टरांनी सांगितले की घरचे हादरतात. पण त्यामागे कारण आहे. गाठ बोलण्याच्या किंवा हातपाय हलवण्याच्या केंद्राजवळ असेल, तर डॉक्टर त्या भागाला सौम्य विजेचा स्पर्श करतात आणि रुग्णाला चित्रे दाखवून नावे विचारतात. बोलणे अडखळले, तर तो भाग कापायचा नाही. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही; डोक्याची कातडी इंजेक्शनने बधिर केलेली असते.

खरी काळजी ऑक्सिजनची. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीरातला सुमारे २० टक्के ऑक्सिजन तोच वापरतो. रुग्ण जागा असताना घशात श्वासाची नळी नसते. गुंगीचे औषध थोडे जास्त झाले तरी श्वास मंदावतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि मेंदू फुगू लागतो. म्हणून बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावतात. काही ठिकाणी कपाळावर पट्ट्याही चिकटवतात. त्यांतला अदृश्य प्रकाश कवटीतून आत जातो आणि त्या जागेच्या मेंदूतला ऑक्सिजन दाखवतो. गाठ दूर असेल तर तिथले मात्र कळत नाही. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के घट झाली, तर तो धोक्याचा इशारा मानतात.

ही दोन्ही यंत्रे त्वचेतून प्रकाश टाकून मोजतात, आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर त्यांचा आकडा चुकू शकतो. अमेरिकेत २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बोटावरचे यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८च्या खाली असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळले. यंत्राच्या मनात भेद नसतो. ते तयार करताना कोणाच्या त्वचेवर तपासले आणि कोणाला वगळले, तिथे भेद शिरतो. उन्हात राबणाऱ्या आपल्या माणसांनी हे ध्यानात ठेवावे.

म्हणून ऑपरेशन नाकारू नका, प्रश्न विचारा. पहिला : आकड्याबद्दल शंका आली तर धमनीतले रक्त काढून ऑक्सिजन तपासणार का? दुसरा : चित्रांची नावे रुग्णाच्या बोलीत विचारणार का? घरात वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्याला प्रमाण मराठीतला शब्द सुचला नाही, तर तो मेंदूचा दोष समजला जाऊ नये. तिसरा : हा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का? योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. दाखल होण्याआधीच त्याला भेटा.

नीट विचारून, पारखूनच स्वीकारा, हे तथागतांनी कालामांना सांगितले. दवाखान्याच्या दारात ही शिकवण बाहेर ठेवायची नसते. सही करण्यापूर्वी कागद वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या आणि उत्तर समजेपर्यंत विचारत राहा. तो तुमचा हक्क आहे.