कमी चाललेल्या क्रूझरचा मोह

जुन्या क्रूझर मोटारसायकलच्या जाहिरातीत एक ओळ हमखास सापडते: सिंगल ओनर, शोरूम कंडिशन, फक्त रविवारी काढलेली. पाच वर्षांची गाडी आणि मीटरवर जेमतेम सहा हजार किलोमीटर, हे वाचलं की घेणारा हरखून जातो आणि विकणारा त्या आकड्याचेच चार पैसे जास्त लावतो. स्प्लेंडरच्या बाबतीत असं सहसा होत नाही, कारण स्प्लेंडर घेऊन तिच्यावर कव्हर घालून ठेवणारा विरळाच. क्रूझर मात्र पुष्कळदा हौसेपोटी घेतली जाते आणि हौस फिटली की पार्किंगमध्ये उभी राहते. म्हणून रोज ऑफिसला न्यायला जुनी क्रूझर शोधणाऱ्यानं या जाहिरातीकडे जरा संशयानं पाहावं. रोजच्या वापरासाठी रोज चाललेली आणि वेळेवर सर्व्हिस झालेली गाडीच घ्यावी, मग तिच्या मीटरवर तीस हजार का दिसेनात. तीस हजार हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण पाच वर्षांत तो महिन्याला पाचशे आणि दिवसाला सोळा-सतरा किलोमीटर इतकाच पडतो. चिंचवडहून हिंजवडीला रोज जाऊन-येऊन करणाऱ्याचं रनिंग याहून जास्त होतं. सहा हजार म्हणजे महिन्याला शंभर. ही गाडी चालली कमी आणि उभी राहिली जास्त.

उभ्या गाडीचं नुकसान दिसत नाही, म्हणून ते कोणी धरत नाही. कार्बोरेटरच्या गाडीत राहिलेलं पेट्रोल हळूहळू उडून जातं, मागे चिकट थर उरतो आणि तो जेटच्या बारीक भोकात बसतो. मग गाडी सकाळी चोक देऊनही कुरकुरते आणि सिग्नलला बंद पडते. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे अर्धवट भरलेल्या टाकीला आतून गंज धरायला निमित्त मिळतं. बॅटरी न वापरताही उतरते आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की कायमची कमकुवत होते. रॉयल एनफिल्डच्या मिटिऑरसारख्या किक नसलेल्या गाडीत हे सरळ ढकलगाडीचं लक्षण. ब्रेक ऑइलही ओलावा ओढून घेतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी चालो वा न चालो. आठवड्यातून एकदा कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत नेऊन आणलेलं इंजिन नीट तापत नाही, त्यात धरलेला ओलावा ऑइलमध्येच राहतो. टायरचं तर विचारूच नका. त्याच्या बाजूवर एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कोरी करकरीत आणि बाजूच्या रबराला बारीक भेगा, असा टायर पावसाळ्यात डांबरावर पकड सोडतो. नक्षी पाहून खूश होण्याआधी ते चार आकडे वाचावेत.

यावर कोणी म्हणेल की कमी चाललेल्या इंजिनाची झीज तर कमीच असणार. खरं आहे. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट हे सगळं किलोमीटरांनी झिजतं. पण वेळेवर ऑइल बदललेल्या साध्या एकसिलिंडर इंजिनाला तीस हजार म्हणजे काही म्हातारपण नव्हे, आणि ही झीज तपासता येते. थंड इंजिन चालू करून पाहावं. त्यासाठी आपण पोचण्याआधी गाडी तापवून ठेवलेली नाही ना, हे इंजिनाला हात लावून कळतं. ॲक्सिलरेटर पिळल्यावर निळसर धूर आला तर ऑइल जळतं आहे. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन बोटानं ओढून पाहिली आणि ती दातांपासून सुटून बाहेर आली, तर नवा सेट धरून भाव करावा. चाललेल्या गाडीचे दोष असे समोर असतात, त्यांची किंमत वजा करता येते. उभ्या गाडीचे दोष व्यवहार झाल्यावर, एकामागून एक, आपल्या खर्चानं बाहेर येतात. शिवाय मीटरच्या आकड्यावर तरी भरवसा किती ठेवायचा? सहा हजार दाखवणाऱ्या गाडीच्या फूटरेस्टचं रबर गुळगुळीत झालं असेल आणि ब्रेक पेडलची कड चकाकत असेल, तर मीटर खोटं बोलतंय. तारखा आणि किलोमीटर लिहिलेली सर्व्हिसची बिलं हाच खरा पुरावा. एक अपवाद मान्य करायला हवा: कमी चालली तरी दर वर्षी ऑइल, ब्रेक ऑइल आणि बॅटरीकडे ज्यानं लक्ष दिलं आणि ते बिलांवर दिसतं, त्या मालकाची गाडी जरूर घ्यावी. असे मालक असतात, पण थोडे.

आता गाडी कोणती? इथेही तोच न्याय लावावा: जे इंजिन रस्त्यावर पुष्कळ चाललं आहे, ते निवडावं. आपल्याकडे क्रूझरची चाल 2001 मध्ये कावासाकी बजाज एलिमिनेटरनं रूढ केली. 2005 मध्ये पुण्याच्या बजाजनं तोच आकार ठेवून त्यात पल्सरचं इंजिन बसवलं आणि ॲव्हेंजर आली. 2010 ची ॲव्हेंजर 220 ही पल्सर 220 च्याच घराण्यातली. त्यामुळे तिचं इंजिन उघडायला खास जाणकार लागत नाही, तालुक्याच्या गावातला मेकॅनिकही ते ओळखतो आणि पार्टसाठी थांबावं लागत नाही. सीट जमिनीपासून 737 मिलिमीटर, म्हणजे कमी उंचीच्या माणसाचेही दोन्ही पाय टेकतात. रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड दिसायला भारदस्त, 2012 नंतरच्या गाडीची टाकी वीस लिटरची. पण वजन 190 किलोच्या घरात आणि इंजिनात बॅलन्सर नाही, त्यामुळे वेग वाढला की हादरे हातापायांना जाणवतात. 2020 च्या नोव्हेंबरात आलेल्या मिटिऑर 350 नं हे दुखणं बरंचसं संपवलं. वजन मात्र तेवढंच आहे. पैसे परवडत असतील तर मिटिऑर, नाहीतर 2019 नंतरची ॲव्हेंजर 220, असं माझं मत. 2019 धरण्याचं कारण म्हणजे त्या वर्षीच्या 1 एप्रिलपासून 125 सीसीवरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं झालं. 2020 पासूनच्या बीएस-6 ॲव्हेंजरला फ्युएल इंजेक्शन आहे, म्हणजे कार्बोरेटरची कटकटच नाही.

रोजच्या ट्रॅफिकमध्ये क्रूझर हवीच कशाला, हा आक्षेप मात्र सहज झटकून टाकण्यासारखा नाही. ॲव्हेंजरच्या दोन चाकांमधलं अंतर 1490 मिलिमीटर आहे, मिटिऑरचं 1400. अरुंद बोळात वळताना ते नडतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला तरी सीटवरून उठता येत नाही आणि दणका थेट माकडहाडाला बसतो. ज्याला कंबरेचा त्रास आहे त्यानं स्कूटर किंवा सरळ बसायची गाडी घ्यावी, हट्ट धरू नये. बाकीच्यांसाठी खालची सीट आणि सुटे खांदे हा लांबच्या रस्त्यावर आराम आहे. पण ट्रायल गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नये, मुद्दाम खड्ड्यांच्या रस्त्यावर घ्यावी. मागचे शॉकअप गेले असतील तर पाचव्या मिनिटाला कळतं. मग गाडी उभी करून गुडघ्यावर बसावं आणि खालून पाहावं. लांब गाडीचं पोट स्पीडब्रेकरला घासतं. फ्रेमची नळी आणि सायलेन्सरचा बेंड चेपलेला असेल तर मालकानं ती कशी चालवली ते तिथे लिहिलेलं असतं. समुद्रकाठच्या गाडीला तिथेच गंजाचे पापुद्रे सुटलेले दिसतात. गोव्यातून स्वस्तात येणारी गाडी पूर्वी भाड्याची, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची, होती का हे आरसीवरून पाहावं; परराज्यातल्या गाडीला एनओसी आणि इथला कर हा खर्च निराळा. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि बदललेला हँडल दिसला तर मूळ पार्ट मागावेत. ते नसतील तर वायरिंगही कोणीतरी कापलेलं असण्याची शक्यता धरून चालावं.

कागदांचं काम कंटाळवाणं, पण पैसे तिथेच बुडतात. आरसीवरचा चॅसिस नंबर हँडलजवळच्या फ्रेमवर कोरलेल्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळवावा. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र मागावं, थकलेले ई-चलान विकणाऱ्याकडूनच भरून घ्यावेत आणि 1 एप्रिल 2019 आधीच्या गाडीला एचएसआरपी पाटी बसली आहे का ते पाहावं. फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये, आणि एजंट नंतर करून देतो म्हणाला तर थोडे पैसे हातात राखून ठेवावेत. विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीसोबत येतं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा जुन्या मालकाच्या नावावरच्या पॉलिसीवर मंजूर होत नाही.