मोटार जळते, पण बिघाड दुसरीकडेच असतो

रब्बीचा गहू निसवला आहे, हरभरा घाट्यांवर आहे, मोसंबीने आंबिया बहार धरला आहे आणि नेमकी अशा वेळी विहिरीवरची मोटार बंद पडते. पाण्याच्या दोन पाळ्या चुकल्या की दाणा बारीक पडतो आणि शेतकऱ्याचे वर्षाचे गणित कोलमडते. मग धावपळ सुरू होते. मोटार विहिरीतून ओढून काढली जाते, मोटारसायकलवर बांधून तालुक्याला नेली जाते. दुकानदार उघडून पाहतो व सांगतो, "जळाली, भरावी लागेल." तीन-चार दिवस जातात, पैसे जातात, मोटार भरून येते, पाणी सुरू होते. आणि पंधरा दिवसांनी तीच मोटार पुन्हा जळते.

आता शेतकरी म्हणतो, दुकानदाराने तार हलकी घातली. दुकानदार म्हणतो, शेतकऱ्याने मोटार नीट चालविली नाही. दोघांचेही कधी कधी खरे असते. पण वास्तविक पाहता मोटार जळणे हा बहुतेक वेळा बिघाड नसतोच, तो बिघाडाचा शेवट असतो. मूळ कारण डीपीवर, स्टार्टरच्या पेटीत किंवा विहिरीच्या तळाशी तसेच राहिलेले असते. दुकानात फक्त मोटार येते, कारण येत नाही.

या पानावर हा विषय घेण्याचे कारण असे की, मराठवाड्यात तालुक्याच्या गावी मोटारी भरणे, पंपदुरुस्ती, बोअरमधून मोटार काढणे-सोडणे या धंद्यांत आपल्या समाजाचे बरेच कारागीर आहेत. शिवाय शेती करणारे बांधवही आहेतच. दोघांच्या उपयोगाचे असे काही येथे मांडत आहोत.

आधी पेटी, मग विहीर

मोटार चालू होत नाही म्हटले की लगेच दोर आणि चेनपुली शोधण्याची आपल्याकडे सवय आहे. खरे तर विहिरीला हात लावण्यापूर्वी अर्धा तास स्टार्टरच्या पेटीपाशी घालवावा. तिन्ही फेज येत आहेत काय, किटकॅटची तार उडाली आहे काय, स्टार्टरचे पॉइंट जळून खडबडीत झाले आहेत काय, ओव्हरलोड रिले सुटला आहे काय, हे पाहण्यास साधा मीटर पुरतो. मेन स्विच बंद करून मोटारीकडे जाणाऱ्या तीन तारा सोडवाव्यात आणि त्या एकमेकींशी व अर्थशी मेगरने तपासाव्यात, म्हणजे वाइंडिंग शाबूत आहे की नाही ते वरूनच कळते. कित्येकदा मोटार चांगली असते आणि दोष केबलच्या पाण्यातल्या जोडात असतो. बोअरमधली मोटार विनाकारण वर काढणे म्हणजे मजुरी फुकट जाणे, पाइपांचे आटे खराब होणे आणि एखादे वेळी अख्खी मोटारच आत पडणे.

मोटार फिरते पण पाणी थोडेच येते, अशी तक्रार लाइनचे काम झाल्यानंतर वारंवार ऐकू येते. खांबावर तारा जोडताना फेजांची अदलाबदल झालेली असते आणि मोटार उलटी फिरू लागते. मोटारीकडे जाणाऱ्या तीनपैकी कोणत्याही दोन तारा एकमेकींच्या जागी लावल्या की काम होते. एवढ्यासाठीही पंप खोलल्याची उदाहरणे कमी नाहीत.

आपल्याकडे मोटारींचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे दोन फेजवर चालणे. तीन फेजची मोटार चालू असताना एक फेज गेला तर तोच भार ओढण्यासाठी उरलेल्या दोन तारांतून सुमारे पावणेदोन पट करंट वाहू लागतो. मोटार घुमते, तापते आणि काही मिनिटांत वाइंडिंगचा वास सुटतो. यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर नावाचे छोटे यंत्र मिळते. ते एक फेज जाताच मोटार बंद करते. मोटार भरण्याच्या खर्चापुढे त्याची किंमत फारच थोडी. पण गावोगाव असे दिसते की, हे यंत्र तारेचा तुकडा मारून बाद केलेले असते, कारण दोन फेजवरही मोटार चालवायची असते! त्यासाठी कंडेन्सरची जोडणी केली जाते. पीक वाळत असताना माणूस असे करतो हे समजू शकते. परंतु या जोडणीवर मोटारीला तिन्ही फेजांचा समतोल कधीच मिळत नाही, ती तापतच राहते.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. कंडेन्सर हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरतो. दोन फेजवर मोटार ओढण्यासाठी लावतात तो वेगळा. आणि तिन्ही फेजना जोडून लावतात तो कपॅसिटर वेगळा. हा दुसरा कपॅसिटर लाइनवरचा करंट कमी करतो व त्यामुळे दाबाला मदत होते. पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीला साधारण दोन केव्हीएआरचा कपॅसिटर चालतो, तीन हॉर्सपॉवरला एकचा. एका डीपीवरच्या सर्वांनी तो लावला तर फरक दिसतो, एकट्याने लावून फारसे काही होत नाही.

दाबाचे गणितही लक्षात घ्यावे. तीन फेजचा दाब ४१५ व्होल्ट असावा असे धरलेले आहे. शेतातल्या लाइनच्या टोकाला तो ३५० वर येतो तेव्हा मोटारीची सुरू होण्याची ताकद सुमारे सत्तर टक्के उरते, आणि ३०० वर आला तर जेमतेम निम्मी. मोटार उचलत नाही, नुसती गुंगुं करते, आणि त्या वेळेत तिच्यातून नेहमीच्या पाच-सहा पट करंट जात असतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटन दाबणे म्हणजे आपल्या हाताने मोटार जाळणे होय.

आणि ऑटोस्विच! शेतीची वीज पाळीने, पुष्कळदा रात्रीची येते. थंडीत, साप-विंचवाच्या भीतीत उठून जाणे कोणालाही नको वाटते, म्हणून वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारे स्विच घरोघर बसले. परिणाम असा की, ६३ केव्हीएच्या डीपीवर पाच हॉर्सपॉवरच्या दहा-बारा मोटारी एकाच क्षणी उठतात आणि प्रत्येक मोटार सुरू होताना पाच-सहा पट करंट मागते. दाब कोसळतो, डीओ उडतो, कधी डीपीच जळते. मग एकाचे नाही, साऱ्या शिवाराचे पाणी बंद. ग्रामीण भागात जळालेली डीपी ४८ तासांत बदलून देण्याचे बंधन वीज कंपनीवर आहे, तेव्हा तक्रार लेखी द्यावी, तिचा क्रमांक घ्यावा आणि वेळ नोंदवून ठेवावी. पण आपसांत ठरवून पाच-पाच मिनिटांच्या अंतराने मोटारी सुरू केल्या, किंवा निदान ऑटोस्विचला प्रत्येकाने वेगवेगळ्या वेळेचा टायमर लावला, तर ही पाळी कमी वेळा येईल. यात खर्चापेक्षा एकोप्याचीच गरज अधिक आहे.

पाणी खाली गेले की

आपल्याकडचा खडक काळा, बेसॉल्टचा. पाणी वरच्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत असते. म्हणून जानेवारीत भरपूर वाटणारी विहीर मार्चमध्ये तासाभराच्या उपशात तळ दाखवते. मोटार मात्र तीच, वेळही तीच.

काठावर किंवा विहिरीतल्या कट्ट्यावर बसवलेला मोनोब्लॉक पंप पाणी वर ओढतो, म्हणजे खरे पाहता हवेचा दाब पाणी वर ढकलतो. त्याची मर्यादा हिशेबाने १० मीटरच्या आसपास असली तरी प्रत्यक्षात सहा-सात मीटर, म्हणजे वीस-बावीस फुटांपलीकडे भरवसा नाही. पाणी त्याखाली गेले की पंप हवा धरू लागतो. शेतकरी फूटव्हॉल्व्ह बदलतो, ग्लँडची दोरी भरतो, तरीही पाणी तुटतेच. अशा वेळी पंपच खाली उतरवावा लागतो, दुसरा उपाय नाही. पाणी वीस फुटांच्या आत असूनही पंप हवा धरत असेल, तर मात्र फूटव्हॉल्व्हची चामडी, सक्शन पाइपचे जोड आणि ग्लँड पाहावी. जोडांवर साबणाचा फेस लावला की हवा कोठे आत ओढली जाते ते दिसते. ग्लँड इतकीही आवळू नये की एक थेंब गळणार नाही. थेंब थेंब पाणी गळणे हे तिचे थंड राहणे आहे. आवळून कोरडी केली की दांड्यावर चर पडतात.

सबमर्सिबल मोटारीला वेगळे दुखणे आहे. ती भोवतीच्या पाण्याने थंड राहते. पाणी संपले तरी ती चालूच असेल तर आतले पाणी तापते, वाइंडिंगचे प्लास्टिक मऊ होते आणि बुशही जातात. रात्री मोटार लावून झोपी जाणाऱ्यांच्या मोटारी अशाच जातात. पाणी संपताच करंट कमी झाल्याचे ओळखून मोटार बंद करणारे ड्राय रन संरक्षण मिळते, ते जरूर बसवावे. मोटार पुन्हा सोडताना तिच्यात स्वच्छ पाणी पूर्ण भरले आहे काय, हे शेतकऱ्याने स्वतः पाहावे. दुकानात बहुधा घाई असते. आणि मोटार गाळात टेकवू नये, तळापासून काही फूट वर ठेवावी.

विहिरीत उतरण्यापूर्वी

पैशाचे नुकसान भरून निघते, जीव परत येत नाही. दरवर्षी पंपापाशी शॉक लागून आणि विहिरीत गुदमरून माणसे जातात. डीओ स्वतः बांबूने बसविण्याचा उद्योग कोणीही करू नये, वायरमन उशिरा आला तरी चालेल. पेटीला आणि मोटारीला खरी अर्थिंग असावी, खांबाला गुंडाळलेली तार म्हणजे अर्थिंग नव्हे. विहिरीत उतरताना मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात घ्यावेत, म्हणजे वर कोणी चुकूनही मोटार सुरू करणार नाही.

वीज नसली की काही जण डिझेल इंजिन विहिरीत खाली उतरवून चालवतात. त्याच्या धुरातला विषारी वायू खोल विहिरीत साचतो. त्याला वास नसतो आणि माणूस नकळत बेशुद्ध पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि एका घरातील दोन-तीन जण जातात. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत फक्त प्राणवायू कमी आहे काय एवढेच सांगते, या वायूचा पत्ता तिला लागत नाही. म्हणून इंजिन वरच ठेवावे. कोणी आत पडलाच तर कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि ताज्या हवेची व्यवस्था केल्याशिवाय दुसऱ्याने उतरू नये.

दुकानाची बाजू

आता कारागीर बांधवांसाठी. मोटार भरण्याच्या धंद्यात गिऱ्हाइकाला आतले काही दिसत नाही. तार कोणत्या गेजची घातली, आटे किती दिले, तांबे किती वजनाचे गेले, जुने जळके तांबे कोठे गेले, हे सारे दुकानदाराच्या इमानावर असते. मापात मारणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह मुतफ्फिफीन ही एक स्वतंत्र सूरहच आहे. तराजू फक्त किराणा दुकानात असतो असे नाही. एक गेज बारीक तार घातली तर शे-दोनशे रुपये सुटतात, मोटार उन्हाळ्यात जळते आणि तो शेतकरी पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानाची पायरी चढतो. जुने तांबे दुकानाचे की गिऱ्हाइकाचे, हे मोटार उघडण्यापूर्वीच बोलून घ्यावे आणि त्याप्रमाणे बिल करावे.

उधारी हा दुसरा प्रश्न. शेतकऱ्याचे पैसे सुगीवर येतात, तेव्हा उधारी टळत नाही. सूरह बकरामध्ये देणे-घेणे लिहून ठेवण्याची स्पष्ट आज्ञा आहे. पण आपल्याकडे ओळखीपोटी लिहिण्याचा संकोच केला जातो आणि नंतर त्याच ओळखीत कडवटपणा येतो. कार्बन लावून दोन प्रती कराव्यात, एक गिऱ्हाइकाला द्यावी.

ज्या कारागिराला शक्य आहे त्याने मोटार बसवताना शेतावर जावे, तोंग मीटर तारेभोवती धरून तिन्ही फेजचा करंट पाहावा. ढोबळमानाने दर हॉर्सपॉवरला दीड अँपिअर धरतात, खरा आकडा मोटारीच्या पट्टीवर असतो. त्यापेक्षा करंट जास्त असेल किंवा तीन फेजांत मोठा फरक असेल तर कारण शोधून सांगावे. यात एखादी मोटार भरण्याचे काम हातचे जाईल खरे, पण साऱ्या शिवारात नाव होईल. तरुणांना शिकायचे असेल तर आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पंप ऑपरेटर-कम-मेकॅनिकचाही आहे. २०२४ पासून राज्यात मागेल त्याला सौर कृषिपंप योजना सुरू झाल्यापासून सौरपंपांची संख्या वाढत आहे, आणि त्यांच्या कंट्रोलरची दुरुस्ती जाणणारे हात अजून थोडेच आहेत. केवळ तांब्याच्या तारेवर विसंबून राहणाऱ्या दुकानाने हे ओळखून एखादा मुलगा त्या कामात घालावा.

शेवटी एक बिनखर्चाचे काम. स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूने ऑइलपेंटने लिहून ठेवावे : मोटार किती हॉर्सपॉवरची, नवीन असताना करंट किती होता, बोअर असेल तर पाइप किती आणि किती फुटांवर मोटार सोडली आहे, शेवटची कधी भरली व कोणी. कागद हरवतो, माणूस विसरतो. रात्री बॅटरीच्या उजेडात कारागिराला हेच चार आकडे हवे असतात.