अंगवळणी पडलेली फवारणी

२०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण आजारी पडले. कित्येकांवर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उपचार झाले. त्यानंतर जनजागृती झाली, मास्क-हातमोजे वाटले गेले. तरी पऱ्हाटीत उघड्या हातांनी, तोंडाला नुसता दुपट्टा बांधून पंप मारणारा माणूस दिसतोच. त्याला अडाणी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. तो शिकलेलाच आहे. शेतानं त्याला हे शिकवलंय.

वागण्याच्या पाठोपाठ जे पदरात पडतं, त्यावर ते वागणं टिकतं किंवा सुटतं. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं आणि बी. एफ. स्किनर यांनी पुढं त्यातून प्रबलनाचा सिद्धांत उभा केला. आता सप्टेंबरच्या शेतात या. दमट उकाडा, छाती-डोक्याला लागणारी कपाशी, पाठीवर भरलेला पंप. मास्क लावला की जीव घुसमटतो, मोज्यांत घाम साचतो. काढून टाकले की त्याच क्षणी बरं वाटतं. त्रास थांबल्यामुळं कृती पक्की होणं, याला मानसशास्त्रात नकारात्मक प्रबलन म्हणतात. अनेकजण त्याला शिक्षा समजतात, पण ते बक्षीसच आहे. त्यात मजुरी पंपामागे ठरली असेल, तर मोजे चढवण्यात गेलेला वेळ थेट कमाईतून जातो.

विषाची शिक्षा मात्र उशिरा येते, आणि दरवेळी येत नाही. औषध भिजलेल्या सदऱ्यातून कातडीत मुरतं, तेव्हा दुखत नाही. डोळ्यांपुढं अंधारी, मळमळ, उलट्या बऱ्याचदा काही तासांनी सुरू होतात. १९६६ मध्ये जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांना उंदरांत आढळलं, की मळमळीचा संबंध शरीर चवीशी चटकन जोडतं, आवाज-उजेडाशी नाही. माणसाचंही बरंचसं तसंच. संध्याकाळी ओकारी आलेल्या मजुराला दुपारची भाजी आधी आठवावी, ओला सदरा नव्हे, यात नवल नाही.

म्हणूनच जनजागृतीच्या फलकांवर माझा फारसा भरवसा नाही. सूचना कामाआधी कानावर पडते. सवय मात्र कामानंतर काय मिळतं त्यावर बसते. हे बदलणं मजुराच्या नव्हे, काम देणाऱ्याच्या हातात जास्त आहे. तेव्हा कास्तकार बंधूंनो, येत्या हंगामात फवारणीची मजुरी पंपावर नको, दिवसावर ठरवा. काम उन्हाआधी आटोपा. गळका पंप देऊ नका. बांधावर साबण, पाणी आणि कोरडा सदरा ठेवा, आणि मोजे घालून काम करणाऱ्याला त्याच संध्याकाळी दहा-वीस रुपये जास्त द्या.