उगवतीचं ऊन की मावळतीचं?

“आबा, वाळूच्या टेकड्यांचे फोटो उगवतीला काढू की मावळतीला?” जैसलमेरला निघालेल्या नातीनं विचारलं. आपल्या पुसेगावात वाळवंट नाही, काळी जमीन आहे. पण उत्तर याच शिवारात मिळतं. बसा लेकरांनो, सांगतो.

आधी रंगाची गोष्ट. ऊन पांढरं दिसतं, पण त्यात सगळे रंग मिसळलेले असतात. हवेचे रेणू त्यातला आखूड लहरींचा निळा प्रकाश चहूकडे विखरून टाकतात. लांब लहरींच्या तांबड्याला बरंचसं सरळ जाऊ देतात. पुढे लॉर्ड रॅले म्हणून ओळखले गेलेले जॉन स्ट्रट यांनी १८७१ मध्ये याचं गणित मांडलं. निळा प्रकाश तांबड्याच्या चार-पाच पट विखुरतो. क्षितिजावरच्या सूर्याच्या किरणांना डोक्यावरच्या सूर्यापेक्षा जवळपास ३८ पट हवा पार करावी लागते. एवढ्या वाटेत निळा गळतो नि केशरी-तांबडा उरतो. हे सकाळी घडतं तसंच संध्याकाळीही.

मग फरक कशात? हवेत. रात्री जमीन निवते, वारा पडतो, धूळ खाली बसते. म्हणून झुंजूमुंजू होताना हवा नितळ असते. दिवसा जमीन तापली की हवा वर उसळते, वारा सुटतो, धुरळा उठतो. धुळीचे कण रेणूंहून कितीतरी मोठे. ते निळा-तांबडा असा भेद फारसा करत नाहीत. म्हणून संध्याकाळी दूरचं सगळं धुरकट, मऊ दिसतं. लांबवरच्या टेकड्यांची रांग लख्ख हवी असेल तर सकाळ गाठावी. धुळीतून झिरपणारं ऊन हवं असेल तर संध्याकाळ.

आता सावलीची गोष्ट. सूर्य उगवून वीस-पंचवीस मिनिटं झाली की तो साधारण ५ अंश वर येतो. तेव्हा नांगरलेल्या रानात जाऊन बघा: वीतभर उंचीच्या ढेकळाची सावली सपाटीवर अकरा विती पडते. सूर्य ४५ अंशांवर आला की तीच सावली वीतभर उरते. म्हणून दिवस कासराभर वर आला की रान सपाट दिसायला लागतं.

आणखी एक पाहा. नांगराचे तास पूर्व-पश्चिम असतील तर उगवतीचं ऊन तासांच्या अंगानं पळतं, सावली फारशी पडत नाही. तेच तास दक्षिणोत्तर असतील तर एकेक तास उठून दिसतो. वाळूवर वाऱ्यानं उमटवलेल्या लहरींनाही हाच नियम: ऊन लहरींना आडवं यायला हवं.

थरच्या वाळवंटात जोराचे वारे उन्हाळ्यात नैऋत्येकडून येतात. त्यामुळे तिथल्या बऱ्याच टेकड्यांचा नैऋत्येकडचा उतार सौम्य असतो, तर ईशान्येकडे वाळू घसरून ३० ते ३४ अंशांचा तीव्र उतार तयार होतो. हिवाळ्यात सूर्य नैऋत्येच्या बाजूला मावळतो. मग सौम्य उतार केशरी होतो, पलीकडचा सावलीत बुडतो आणि मधली धार रेखीव उमटते. उन्हाळ्यात सूर्य ईशान्येच्या बाजूला उगवतो, तेव्हा तोच तीव्र उतार सकाळी उजळतो. म्हणून आधी वाऱ्याची दिशा विचार, मग वेळ ठरव.

जैसलमेरजवळच्या समच्या टेकड्यांवर माणसांची नि उंटांची गर्दी सूर्यास्ताला होते. कोरी, पावलं न उमटलेली वाळू हवी तर पहाटेच जा. फक्त इथल्या घड्याळावर विसंबू नकोस. जैसलमेर आपल्या पश्चिमेला सुमारे ६ रेखांश आहे. अंशाला ४ मिनिटं धरली तर सूर्य तिथे २४ मिनिटं उशिरा उगवतो, आणि थंडीत त्याहूनही उशिरा.

आणि सगळे सूर्याकडे कॅमेरा रोखून उभे असतील तेव्हा तू पाठ फिरव. सूर्य क्षितिजाखाली असताना समोरच्या क्षितिजावर निळसर-करडा पट्टा दिसतो, त्याच्यावर गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे हवेवर पडलेली आपल्या पृथ्वीची सावली! सकाळी ती खाली उतरत जाते, संध्याकाळी वर चढते. आपल्या माळावरूनही ती दिसते. निघण्याआधी दोन्ही वेळा माळावर जा, नितळ आभाळ बघून तिचा फोटो काढ. ज्याला आपल्या रानातलं ऊन वाचता येतं, त्याला वाळवंटात वेळ निवडणं जड जात नाही.